सुताचा काटा

मामांनी शेडमधला काटा खाली उतरवला,
चाळीस वर्षं सुताची बाचकी तोललेला,
आकड्याला आमची बॅग लावली,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि म्हणाले, दोन किलो जास्त भरतंय.

दोन किलो म्हणजे चादर.
लाल-काळी, मोरांची,
या घरात विणलेली शेवटची.
त्यानंतर माग टॉवेलचे झाले.
मी ती काढते,
सासूबाई स्वयंपाकघरातून येऊन परत ठेवतात.
मी शेंगाचटणी काढते. तीही परत.
संध्याकाळपासून हेच चाललंय,
कुणी कुणाशी न भांडता.

नवी पेठेत बर्फातले बूट मागितले
तर दुकानदारानं आधी माझ्याकडं पाहिलं,
मग दाराबाहेरच्या उन्हाकडं.
बेचाळीस होतं त्या दिवशी.
म्हणाला, वहिनी, पावसाळी दाखवू का?

यांनी नकाशात तांपेरे दाखवलं,
दोन तळ्यांच्या मधलं गाव.
तिथंही कापडगिरण्या होत्या म्हणे. बंद पडल्या.
मामा म्हणाले, बंद गिरणी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं,
आणि स्वतःच हसले,
मग बराच वेळ हसले नाहीत.

श्रव्या मोबाईलवरून नवे शब्द घोकतेय.
ताताच्या कानाशी जाऊन म्हणाली, कीटोस.
मागांनी त्यांचे अर्धे कान नेलेत.
त्यांना वाटलं, पोरगी किती विचारतेय.
पंचवीस, म्हणाले. तेवीस पाहिजे.
कीटोस, ताता! म्हणजे थँक्यू!
थँक्यू कशाला, काटा आपलाच आहे की.

तिथल्या शाळेचं पत्र आलंय,
मुलांना रुळायला एक वर्ष, वेगळा वर्ग, वेगळ्या बाई.
मी पत्र दोनदा वाचलं.
पाणी हा शब्द मी बालवाडीत शिकले,
तोवर मला तहान तेलुगूत लागायची.
पहिल्या दिवशी नीळ्ळु नीळ्ळु म्हणून रडले
तर बाई मला मोरीकडं घेऊन गेल्या.
पुढं भाजी कन्नडात घेतली,
रिक्षा हिंदीत थांबवल्या,
नवऱ्यावर मात्र मराठीतच चिडले.
रुळलीस का, असं कुणी विचारलं नाही.
मामांचे आजोबा सिरसिल्ल्याहून आले
तेव्हा दोन पोरं होती आणि एक धोटा.
त्यांचं सामान कुणी तोललं नव्हतं.

सूत तोलताना, मामा म्हणाले,
रिकाम्या कोनाचं वजन आधी वजा करायचं असतं.
तुमची बॅग रिकामी किती भरते, बघितलं का?
नव्हतं बघितलं.
सगळं पलंगावर ओतून बघितलं.
चार किलो.
चाकं, कड्या, लॉक, काहीच नसलेलं चार किलो.
ते उठले आणि सुताचं पोतं झटकून घेऊन आले.
विमानतळावर पोतं? हे म्हणाले.
मी चादरीची घडी घातली
आणि सगळ्यात आधी तीच पोत्यात सरकवली.

रात्री अडीचला पाणी आलं,
पाचव्या दिवशी.
निहालला उठवलं, पाइप धरायचं काम त्याचं.
डोळे मिटलेलेच, उभा, चड्डी भिजलेली.
तिकडं पाणी कधी येतं?
तिकडं सारखंच असतं.
त्यानं पाइप एका पिंपातून दुसऱ्या पिंपात टाकला.
मग तिकडं आपण उठायचं कधी?

काय सांगणार.
शेडमध्ये दिवा चालू होता,
मामा दाभणानं पोत्याचं तोंड शिवत होते.
मी पिंपं भरत राहिले,
सगळी, आमच्या चौघांच्या वाटणीचीसुद्धा,
काठोकाठ.